त्या उन्हाळ्याची मापं

३ मार्च
आधी घरची हजेरी. रामनाथाला विचारलं, "लेका, कंबर कशी हाय?" म्हणाला, "हाय तिथंच हाय, आबा." सूनबाईची सर्दी उतरली, खोकला मुक्कामाला. कपिला रवंथ करतेय, म्हणजे बरी. नात शालू पुण्यात. फोनवर आवाज बसलेला, जागरणं म्हणाली. माझे गुडघे चालतात आणि कुरकुरतात. शेवटी झऱ्याला विचारलं. त्याच्या टाक्यात काठी बुडवली. ३ वीत २ बोटं. गेल्या साली याच सुमाराला पाचेक बोटं जास्त.
रामनाथाची आई, सगुणा असती तर हजेरीत पहिली तीच.

७ मार्च
माप ३ वीत.
शालूचा फोन. पर्यावरण शिक्षणात एम.ए., शेवटचं वर्ष, महिनाअखेर प्रबंध द्यायचा. खेड्यातल्या पोरांना त्यांच्याच गावच्या पाण्यावरून कसं शिकवावं, हा विषय. सगळा डोलारा माझ्या मापांच्या वह्यांवर. मी चौथी पास. पुढचं वाचन किराणाच्या पुड्यांच्या कागदावर. त्या माणसाच्या वह्या पुण्याच्या टेबलावर! छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.
मग म्हणाली, "आबा, मॅडमना तुमची चौथी वही लई आवडली. त्या उन्हाळ्याचा आलेख काढला, काय देखणी रेघ आलीय! कुठं थरथरली सुद्धा नाही."
"बरं झालं," म्हणालो. भाकरी तशीच ताटात. सूनबाई म्हणाली, मीठ जास्त झालं का. नाही, बाई. खाई त्याला खवखवे.

८ मार्च
माप तेवढंच.
आता लिहूनच टाकतो. चौथ्या वहीचं साल म्हणजे सगुणाच्या आजारपणाचं. फाल्गुनात तिला संगमनेरच्या दवाखान्यात नेली, ती जेठात माघारी आणली ते तिचं मयतच. तिथं खाटेवरून रोज विचारायची, "झऱ्याचं माप कोन घेतंय?" मी म्हणायचो, रामनाथ घेतो. रामनाथ तर माझ्याबरोबर औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन पळत होता. कुणीच घेत नव्हतं.
सुतकात झऱ्यावर जायचं नसतं, तिथं देवीचा शेंदरी दगड आहे. दहा दिवस ओसरीवर बसून होतो. समोर वही, तीन महिने कोरे. ती म्हणायची, "वही मोकळी ठिवू नका." भरली. चार दिवसांना एक बोट उतरवत गेलो, अक्षर न् अक्षर नीट. तेवढाच वेळ डोळ्याला पाणी नव्हतं.
सुतक फिटलं तोवर पावसानं टाकं भरलेलं. मग गावातल्यांकडून कळलं की वैशाखात झरा पार आटला होता. तेव्हाच खोडायला हवं होतं. पण पानं इतकी स्वच्छ दिसत होती, आणि ती तिच्यासाठी लिहिलेली...

१४ मार्च
२ वीत ९ बोटं. भराभर उतरतंय.
शालू आली. शाळेत पाठ घेतला, मला खुर्ची, पोरं खाली. भिंतीवर आलेख. शेजारची पारूवहिनी दाराशी उभी होती, पोरांना हसवत. शालू सांगत होती, "बघा, या उन्हाळ्यात पाणी कमी होत गेलं, पण झरा आटला नाही. का बरं?"
पारूवहिनी मध्येच म्हणाली, "आटला न्हाई कसा? खडखडीत हुता! खालच्या वढ्यात झिरे खांदून आमी पानी आनलं. तवाच तर घसरले न् खुबा मोडला माजा."
शालू गोड हसली. "आजी, दुसरं एखादं साल असेल. आबांच्या वहीत रोजचं माप आहे."
एक पोरगी म्हणाली, "आजी इसरल्या!" सगळी हसली. पारूवहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी काठीचं टोक बघत बसलो.
"आसंल बाई," म्हणाली. "भावजींची काठी कशाला खोटं बोलंल? मीच चळले म्हनायचं." लंगडत गेली.
शालूनं संध्याकाळी टिपणात लिहून घेतलं: लोकांची आठवण आणि लिहिलेली नोंद, यांत नोंदीवर भिस्त ठेवावी. मला वाचून दाखवलं. "छान मुद्दा मिळाला ना, आबा?"

१५ मार्च
माप घेतलं नाही. पहिल्यांदाच घेतलं नाही, असं लिहितोय.
एस.टी.ला सोडायला गेलो. बोलायचं ठरवून. "शालू, ती चौथी वही..." म्हणालो तर पोर वाकून पाया पडली. "ती वही नसती तर माझा प्रबंधच झाला नसता." गाडी आली. डोळ्यांखाली काळं धरलंय तिच्या. दोन वर्षं घासतेय.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

१९ मार्च
२ वीत ५ बोटं.
पारूवहिनीकडं गेलो. वरई पाखडत होती. सगळं सांगितलं. सुपाचा हात थांबला नाही.
"मला ठावं हाय, भावजी."
"मग शाळेत बोलली का नाहीस?"
"बोलले की. तुमी कुठं बोलला?"
मग तिनं सूप खाली ठेवलं.
"सगुनीसाठी ल्हिलं आसंल तुमी. त्याचा राग न्हाई. पर पोरं आता रस्त्यानं इसरलेली आजी म्हनत्यात. ह्या खुब्याचं काय करू? मोडला न्हाई म्हनू?"
चहा दिला. गूळ जास्त घातलेला. त्यानं जास्तच लागलं.

२१ मार्च
२ वीत ३ बोटं.
फोन दोनदा हातात घेतला. तिचा आवाज आला की मी कपिलेचं सांगत बसतो. हातानं लिहिलेलं हातानंच निस्तरावं. पत्र लिहिलं. रामनाथाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आबा, आठ दिवस थांबा की. परबंद देऊ द्या, मग सांगा. पोरीचं वरीस बुडंल."
बापाचं काळीज. तेही खोटं नाही. पण मग देखणी रेघ छापली जाईल, आणि पारूवहिनी कायमची विसरलेली.

२२ मार्च
२ वीत २ बोटं.
राजूरचा बाजार. पत्र पेटीत टाकलं. हात आत थोडा वेळ तसाच राहिला. टाकल्यावर हलकं वाटेल म्हणतात. नाही वाटलं. येताना रामनाथ माझ्या पुढं चालत होता.
पत्राचा शेवट इथं उतरवून ठेवतो, मागाहून मीच बदलू नये म्हणून:

"...तर शालू, ती पानं फाडू नकोस. त्यांवर लाल रेघ मार आणि लिही, या दिवसांत माप घेतलं नाही, माप घेणारा तुझ्या आजीच्या उशाशी होता. आणि त्याखाली पारूआजीनं सांगितलं ते लिही, तिच्या नावानं. तुझ्या प्रबंधाचं काय होईल ते मला कळत नाही. मॅडमना सांगायचं की नाही, ते तुझ्यावर. मी फक्त माझं सांगितलं, तेही उशिरा. रागावलीस तर रागाव, हक्क आहे. जेवत जा. आणि पोरी, चार ओळी का होईनात, दोन शिव्या का होईनात, पण लवकर लिही. मी रोज झऱ्यावरून येताना पोस्टमनची वाट बघीन."