पुढचं डावं चाक

१२ जाने. ५९, सोम.
येडशी स्टेशनवरून सरकीची पोती भरून तुळजापूर. लॉरी हळू असली की स्टीअरिंग थरथरतं, खालून धप्प धप्प आवाज. वेग घेतला की दोन्ही गायब. मालक म्हणाले, "मग हळू कशाला चालवतोस?" घरी आलो, जेवलो. आई बोलत होती, मी हूं हूं केलं.

१४, बुध.
संक्रांत. आईनं एकटीनंच तीळगूळ केला. शेजारणीनं सुनेची, शांताची चौकशी केली, तर "माहेरी ईटला गेलीय, येईल की." देवघरातला टाक गेल्याचं कुणाला सांगत नाही. घरातून देवी गेली म्हणायची लाज. दार लागलं की मग, "चांदीचा टाक उचलून भावाला दिला तिनं. न्हायतर इचारल्यावर गप का बसली?" खरंच, गप का बसली. मीही गपच होतो. आईनं घालवल्यावर तिचा भाऊ तिला घेऊन गेला, तेव्हापासून आत काही हलतच नाही. राग नाही, आठवणही नाही.

१६, शुक्र.
आवाज वाढला. शेजारच्या करीममिस्त्रींना दाखवलं. चाकाचे नट घट्ट, स्प्रिंगची पानं शाबूत. मग मला माणसाच्या चालीनं गाडी चालवायला लावली, आणि स्वतः पुढच्या डाव्या चाकाशेजारी वाकून चालत राहिले. टायरवर खडूची खूण. खूण खाली आली की धप्प, दर फेऱ्याला. हात फिरवला तर तिथं टेंगूळ. मिस्त्रींनी खडूची खूण पुसून टाकली. म्हणाले, "उद्या ये. एकटा ये."

१७, शनि.
टायर उघडला. ट्यूब आणि टायरच्या मध्ये, रबराच्या पट्टीत गुंडाळलेला आमचा टाक. पट्टी फाटून कड टायरमध्ये शिरलेली.
"अजून थोडी गाडी चालवली असतीस तर टायर घाटातच फुटला असता." मिस्त्रींनी पट्टी सोडवली. "मागं घाटात तुझी गाडी घसरली, तवा सूनबाई आली. चाकात देवी ठिवा म्हणाली. कुणाला बोललं तर गुण जातोय, म्हणून शपथ घातली. म्याच ठिवला, बाबा."
शांताला घरातून का घालवलं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सांगितलं. त्यांनी दोन्ही कानांना हात लावला.
मी टाक पुसला, खिशात ठेवला. रडू यायला हवं होतं.

१८, रवि.
आईपुढं टाक ठेवला. देवीचं तोंड पार झिजलेलं. वाटलं, आता तरी...
"त्यापरीस चोरी बरी! देवीला चाकात घातली, धुळीतनं फिरवली! आता तर उंबऱ्यात पाय ठिवू द्यायची न्हाय."
झिजलेला टाक पूजेला चालत नाही. डाळीच्या डब्यात ठेवलाय.

२०, मंगळ.
दुसरा टायर चढवला. आवाज नाही, थरथर नाही. मालकांची पेंड ईटला जायची होती, फेरा मागून घेतला.
शांता दारात आली. वाळली आहे. म्हटलं, टाक सापडला, काढला चाकातून. वाटलं, रडेल, आईला बोलेल, निदान मला तरी. ती लॉरीकडं बघत राहिली.
"काढला? मग तसंच आलाव इतक्या लांब?"
तेव्हा कुठं पोटात तुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.
तिच्या भावानं अंगणात बाज टाकली, तिथंच बसून हे लिहितोय. ती चहा टाकायला आत गेली आहे. बाहेर आली की चल म्हणायचंय. पण कुठल्या घरी?