पाय जमिनीवर ठेवून

कोपनहेगन, १२ मे १९८६

प्रिय रिग्मोर मावशी,

तुझं पत्र आणि काळ्या पावाचं पार्सल, दोन्ही पोचलं. मी ठीक आहे. घरमालकीण फ्रू होल्म सकाळी आठच्या आत पियानोला हात लावू देत नाही, त्यामुळे झोप बरी होते. आईला गुडघ्याचं औषध घ्यायला लाव. ती माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. आमच्या घरात पहिल्यापासून सगळे तुझंच ऐकत आलेत.

जूनमधल्या तुझ्या विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला मी यावं आणि शेवटी तो बॅलड वाजवावा, असं तू लिहिलंयस. चर्चचा हॉल, टेबलांवर कागदी झेंडे, क्रीमचा केक, आणि केकच्या आधी मी. आठवतंय ना. मोठ्या हातांनाही घाम फोडणारी ती रोमँटिक वादळी चीज, आणि वाजवणारी अकरा वर्षांची. पाय पेडलपर्यंत पुरेनात म्हणून तू स्टूल पुढे ओढलंस आणि कानात म्हणालीस, "अवघड जागा आली की पाय दाबून ठेव, बाकी देव बघेल." देवाने बघितलंही. खाटीक स्कोव चक्क रडला. दुसऱ्या दिवशी तुझा फोन दुपारपर्यंत थांबला नाही. सगळ्या आयांना आपली मुलगी अशीच वाजवायला हवी होती, आणि तीही येत्या वर्षात. पी हळद अन् हो गोरी.

प्रवेश परीक्षेचं तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी हवामान लिहिलं. आता लिहिते. इथल्या संगीताच्या कन्झर्व्हेटरीत मला घेतलं नाही.

बॅलड मी पूर्ण वाजवला. समोर तिघं होते. त्यांतल्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "छान. आता मधलं पान पुन्हा, पाय जमिनीवर ठेवून."

मावशी, तू ते पान पेडलशिवाय कधी ऐकलंयस? मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. डाव्या हाताचे निम्मे सूर वाजतच नव्हते. बोटं पोचत नव्हती तिथे मी इतकी वर्षं नुसता हात फिरवत होते, आणि पेडल सूर एकमेकांत मिसळून त्यावर पांघरूण घालत होतं. चार ओळींनंतर मी आपणहून थांबले. ते रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "मुली, तुझा पाय फार हुशार आहे. हात कुणी शिकवले?" मी तुझं नाव सांगितलं नाही. घरची लाज तेवढी राखली.

आता मी एका बाईंकडे जाते. त्या मला पाच सुरांचे धडे देतात, एकेका हाताने, सावकाश. माझ्या आधी दुसरीतली एक मुलगी असते, तिचं माझ्यापेक्षा स्वच्छ वाजतं. बाई म्हणतात, कोरा हात शिकवणं सोपं, बिघडलेल्याचं काही सांगता येत नाही. मी एकोणीस वर्षांची आहे, मावशी.

तुला शिकवताच येत नव्हतं, असं असतं तर मी ते गिळून टाकलं असतं. पण मागच्या खोलीत तुझी स्वतःची अस्ता होती. एवढी सोळा वर्षांची घोडी, आणि तिच्याकडून तू दोन-दोन ओळी महिनाभर घोटून घ्यायचीस. पेडलला पाय लागला की तुझा आवाज चढायचा. मी तिला शिवणयंत्र म्हणायचे आणि तू हसायचीस. एकदा मी विचारलं होतं, अस्ताला बॅलड का नाही देत? तू म्हणालीस, "तिच्यात कुठे आहे तुझ्यासारखी देणगी." मी किती फुगले होते, काय सांगू. ती पहिल्या फटक्यात इथे निवडली गेली आणि आज ओडेन्सला शिकवते. लेकीचा तू पाया घातलास, आणि भाचीची पाटी करून दारावर लावलीस.

आता लिव्हबद्दल. यंदा नऊ वर्षांच्या लिव्हला तोच बॅलड दिलायस, "तुझ्याहूनही लवकर", असं तू अभिमानाने लिहितेस. रविवारी तिच्या आईचा मला फोन आला होता. मुलीचं मनगट दुखतं म्हणे. मला जमलं तसं लिव्हलाही जमेल, एवढंच तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी तिला वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. तिने विचारलं, "मग पाठवू कुणाकडे?"

तू नीट शिकवलेलं एकच माणूस मला माहीत आहे. शनिवारपासून लिव्ह ओडेन्सला अस्ताकडे जाईल. जूनमध्ये तीही वाजवणार नाही आणि मीही नाही.

अस्ताला मीच फोन केला. ती लगेच हो म्हणाली. का, ते तिने विचारलंसुद्धा नाही.

तुझ्या बहिणीची मुलगी,
सोल्वाई