पाठ केलेला तक्ता

शिगेदादा,

माझा डावा डोळा अधू झालाय, हे सगळ्यात आधी तू ओळखलंस. किकबॉक्सिंग सोड म्हणालास, म्हणून लढतीत मला सांभाळायला रिंगच्या माझ्या कोपऱ्यात उभा राहायचास, तिथून मी तुला हाकलून दिलं. त्यानंतरच्या तीन लढती मी डॉक्टरांचा नजर तपासायचा, फट असलेल्या गोलांचा तक्ता पाठ करून खेळलो. वर, डावीकडे, खाली, उजवीकडे. कुठल्या गोलाची फट कुठे आहे, ते रोज आंघोळ करताना घोकायचो.

मंगळवारच्या तपासणीत उजवा डोळा झाकला आणि शेवटची ओळ घडाघडा म्हटली. डॉक्टर मला हसून म्हणाले, "अहो ओसादा, तक्त्याचा दिवा तरी लावू द्या."

जिमचे मालक कुरोइवा दारातच उभे होते. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "गाढवा, तुझा भाऊ रडत आला होता माझ्याकडे. मीच ऐकलं नाही."

रविवारी कावासाकीच्या रिंगमध्ये माझ्या निवृत्तीचे दहा ठोके घंटेवर पडतील. तेव्हा मधोमध मी एकटाच उभा असेन. हे पत्र पेटीत टाकायचं धैर्य मला होणार नाही. पण कुणाकडून कळून आलासच, तर माझ्या डाव्या बाजूला बसू नकोस.

तुझा,
इसामु