तीन जन्मतारखा

रवि. १३ मे १९५६, ठाणे

डोंबिवलीला घरबांधणी सोसायटीची सभा. एकोणीस सभासद, त्यांत बाई मी एकटी. चिटणीस पेंडशांनी माझी खुर्ची वेगळी, भिंतीला लावून ठेवलेली, जणू मुलगी दाखवायला आणलीय. रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं पोती मोजून निवृत्त झालेला गृहस्थ. माणसंही त्याच नजरेने मोजतो.

सरकारी कर्ज मिळणार हे आता नक्की. माझ्या वाट्याला सहा हजार, फेड वीस वर्षं, हप्ता चाळीसच्या आसपास. पगार एकशे अठरा, शिकवण्यांचे वीस. ओढाताण होईल, पण जमेल. टेंभी नाक्यावरच्या या दोन खोल्यांचं भाडं अकरा वर्षं मी भरतेय आणि पावती निघते भावाच्या, वसंताच्या नावाने. का, तर बाबांच्या मागे भाडेकरू मुलगाच लागतो. आता मला माझ्या नावाचं घर हवं. दोन खोल्या का असेनात.

सभेत एकाने विचारलं, "बाई हप्ते नियमित भरतील ना?" विचारणाऱ्याची स्वतःची तीन महिन्यांची वर्गणी थकलीय. वही पेंडशांच्या मांडीवर उघडी होती. त्यांनी ती मिटून विषय पुढे नेला.

बुध. १६ मे

घरी सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली. वसंता म्हणाला, "वा ताई, कमाल केलीस!" आणि पेपर पुढे वाचायला लागला. माझ्यापेक्षा जेमतेम सव्वा वर्षाने धाकटा, पण मी लवकर मॅट्रिक होऊन नोकरीला लागले आणि याच्या कॉलेजच्या फिया भरल्या. आता मुंबईत विमा कचेरीत आहे. महिनाअखेरीस तंबाखूचे पैसे माझ्याकडे मागतो.

त्याची बायको शालू. तिने लगेच विचारलं, "ओटा पूर्वेला आहे का हो, ताई?" मी म्हटलं, घर माझं आहे. "तेच म्हणतेय मी, आपलं." कपाट कुठल्या भिंतीला हेही तिचं ठरलंय. पायाचा दगड अजून खाणीत आहे.

शुक्र. २५ मे

अर्ज परत!

पेंडशांचं पत्र, सुवाच्य अक्षरात. सर्व्हिस बुकाप्रमाणे माझा जन्म १ जून १९१८. पंचावन्नाव्या वर्षी, म्हणजे १९७३ साली मी घरी बसणार. कर्ज फिटणार १९७६ ला. सगळ्या सोसायटीला मिळून एकच कर्ज, सगळ्यांना एकच मुदत. जो आधी निवृत्त होतो त्याने पुढे नोकरीत राहील असं घरचं माणूस सहसभासद म्हणून जोडायचं. "तरी आपल्या बंधूंचे नाव जोडावे, म्हणजे अडचण राहणार नाही."

अडचण कोणाची? पेंडसे स्वतः निवृत्त, त्यांनी मुलगा जोडला. हा मुलगा मॅट्रिकला दोनदा नापास, पण मुलगा आहे ना, झालं.

रात्री वसंताला पत्र दाखवलं. "मग घाल की माझं नाव. मी काय घर डोक्यावर घेऊन पळणार आहे?" मी म्हटलं, मग हप्ताही निम्मा भर. तर म्हणतो, "सध्या जरा ओढगस्त आहे गं." सध्या म्हणजे १९४२ पासून.

रवि. २७ मे

मुळात मी १९१८ ची नाहीच. आज आईला बसवून विचारलं. भाद्रपदातला जन्म, गणपती उठल्यावर, शके १८४२. म्हणजे १९२०. आईला लिहितावाचता येत नाही, पण बाळंतपणांचे शक तोंडपाठ.

मग १९१८ कुठून आलं? आमच्या गावच्या मास्तरांकडून. त्यांची परीक्षा अशी: पोराने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरता आला की पोर सहा वर्षांचं, जन्म १ जून. मी चौथ्या वर्षीच उंच, ताडमाड हातांची. कान धरला. मास्तरांनी लिहिलं सहा. बाबा घरी येऊन म्हणाले, पोरीने दोन वर्षं वाचवली!

वाचवली कसली, घालवली. बाबांना कोणी हिशेब शिकवला होता देव जाणे. मास्तर तर केव्हाच वारले, नाहीतर एस.टी.ने जाऊन त्यांचा कान मी धरला असता.

आणि गंमत म्हणजे, १९२० धरलं तरी निवृत्ती १९७५ ला. एक वर्ष कमीच. म्हणजे खरं सांगूनही भागत नाही.

सोम. ११ जून

शाळा उघडली. कोपरीच्या आमच्या मुलींच्या शाळेत पहिलीचे प्रवेश माझ्याकडे. खाडीकडच्या, मिठागरांवरच्या बायका पोरींना घेऊन आलेल्या. सगळ्यांना शेतावर पोचायची घाई.

"जन्म कधीचा?"

"भात कापनीचे दिसान झायली, बाय. तुमीच लिवा काय तं."

साल? साल कोणाला ठाऊक. मी म्हटलं, हात डोक्यावरून ने गं, कान धर. धरला. १ जून १९५० लिहिलं. पुढची. धरला. १ जून १९५०.

बाविसाव्या पोरीला माझं मलाच कळलं, मी काय करतेय ते. टाक हातात तसाच राहिला. पोरीची आई म्हणाली, "काय झायला, बाय?" काय सांगणार? मास्तरांना पंधरा दिवस शिव्या मोजतेय, आणि चौदा वर्षं त्यांचीच गादी चालवतेय. मग काय केलं? तिचंही १ जूनच लिहिलं. बाहेर अजून नऊ जणी उभ्या होत्या.

स्वतःचीच चीड आली. जेवले नाही.

गुरु. १४ जून

संध्याकाळी डोंबिवलीला पेंडशांच्या घरी. चहा बशीत ओतून पिताना उपाय सांगितला. "पत्रिका असेलच ना आपली? पत्रिका आणि आईचं प्रतिज्ञापत्र जोडा. तुमच्या शाळा-बोर्डाच्या कचेरीत हेडक्लार्क आमच्या ओळखीचे. सर्व्हिस बुकात तारीख दुरुस्त होते." मी म्हटलं, खरी तारीख धरली तरी एक वर्ष कमी पडतं. त्यांनी बशी खाली ठेवली. "पत्रिकेत काय आहे ते आधी बघा हो. खरं-खोटं मग."

तीस तारखेच्या आत सगळं हवं. नाहीतर वसंताचं नाव. तेही नको असेल तर प्लॉट पुढच्याला. पुढचा उंबऱ्यावर टपून बसलेला आहेच, पेंडशांचा साडू.

शनि. १६ जून

आईच्या ट्रंकेतून पत्रिका काढली. आई म्हणत होती, राहू दे, कसर लागली असेल. कसर नाही लागलेली. हळदीकुंकवाची बोटं अजून लाल.

शके १८४४, भाद्रपद. म्हणजे १९२२!

दोन मिनिटं आनंद. १९२२ म्हणजे निवृत्ती १९७७. कर्ज फिटून वर एक वर्ष शिल्लक. मग डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, आई, हे काय आहे?

आई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "स्थळं यायची तेव्हाचं आहे. वीस म्हटलं की नाकं मुरडायचे. अठराची केली. जोशीबुवांना सव्वा रुपया दिला."

तर माझ्या तीन जन्मतारखा. शाळेत घालायला मोठी, लग्नाला लहान, आणि मधली खरी, जी कुठेच लिहिलेली नाही.

रवि. १७ जून

झोप नाही. सकाळी आईला पुन्हा धरलं. पेणचं स्थळ का मोडलं?

सोळा वर्षं मला ठाऊक असलेलं कारण: मुलाला शिकलेली नको होती. बाबांनी तसं सांगितलेलं. मी त्या माणसाला मनात काय काय म्हटलंय. नेभळट, बुरसटलेला, आईच्या पदराखालचा. वर्गात पोरींना उदाहरण म्हणून, नाव न घेता, चार-पाचदा तरी सांगितलाय. एखादी लग्नपत्रिका घरात आली की तो मला आठवायचा आणि मी आणखी ताठ व्हायची.

आज आई म्हणाली, "शिकलेलीच हवी होती गं त्याला. म्हणून तर मॅट्रिकचा दाखला बघायला मागितला." दाखल्यावर १९१८. पत्रिकेत १९२२. मुलगा बाबांना म्हणाला म्हणे, वयाचं मला काही नाही, पण पहिल्या भेटीतच खोटं? उठून गेला. पुढे पेण-पनवेलपर्यंत बोभाटा. स्थळंच थांबली.

म्हणजे माणूस बरा होता. माझ्यासारखाच बोलला की. मी त्याच्या जागी असते तर हेच बोलले असते.

मोरीत जाऊन रडले. पाणी सोडून, शालूला ऐकू जाऊ नये म्हणून. बाहेर आले तर ती विचारते, "ताई, नळ एवढा वेळ?"

आईवर संतापले, काय वाटेल ते बोलले. ती ऐकून घेत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "दोन दाखले जुळतात का, हे बघायची अक्कल कोणाला होती? मला वाचता येतं का?"

रवि. २४ जून

आठवडाभर आईशी धड बोलले नाही. आज बसून दोन्ही बाजू मांडल्या.

वसंताचं नाव घातलं तर सगळं खरं, सगळं कायदेशीर, आणि हप्ते भरून भरून मी शालूच्या घरात बिनभाड्याची नणंद.

पत्रिका लावली तर घर माझं. मात्र ज्या कागदाने माझं लग्न मोडलं तोच कागद मी कोर्टात नेणार, आणि साठीच्या आईला खोटी शपथ घ्यायला उभी करणार. चुकलेल्या पोरींकडून "नेहमी खरे बोलावे" पन्नास वेळा लिहून घेणारी मी.

पेंडशांची कीव करायचे मी! त्यांना निदान खरं-खोटं 'मग' बघायचं असतं. मला आधी बघायचं आहे आणि तरीही घर हवंच आहे. हवंय. लिहूनच टाकते, कोण वाचणार आहे.

बुध. २७ जून

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. दीड रुपया. "सत्य समजुतीप्रमाणे" हे शब्द तो न बघता ठोकतो. शुक्रवारी अकराला आईला आणायचं. म्हणाला, "घाबरू नका. साहेब दोन-तीनच प्रश्न विचारतात. मुलं किती, थोरलं कोण, मग मुलीचा जन्म. आजीबाई गडबडल्या नाहीत म्हणजे झालं."

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं नाही म्हणेल. नाही म्हणावं असंही वाटत होतं, म्हणजे माझी सुटका.

म्हणाली, "तेव्हा खोटं बोलले ते तुला घर मिळावं म्हणूनच ना? मग चल."

कागद घडी घालून पत्रिकेत ठेवला.

गुरु. २८ जून

उद्या कोर्ट. परवा मुदत संपते.

आईने इरकल काढून घडी मोडून ठेवलीय. जेवणं झाल्यावर मी तिची उजळणी घ्यायला बसले. मुलीचा जन्म? "शके अठराशे बेचाळीस." अगं, चव्वेचाळीस. "हो, चव्वेचाळीस." पुन्हा विचारलं. बेचाळीस. तिसऱ्यांदा, बेचाळीस. पट्टीच घेऊन बसायचं तेवढं बाकी होतं. चौथ्यांदा बरोबर आलं. पाचव्यांदाही.

एवढ्यात वसंता पान लावत आत आला. त्याला वाटतंय माझी तारीख नुसती दुरुस्त करायची आहे, कुठली ते त्याने विचारलेलंही नाही. म्हणाला, "आईला कोर्टात एकटी कशी नेशील? रजा टाकलीय. मी येतो बरोबर." आजवर माझ्या कामासाठी याने कधी अर्धा दिवस टाकला नव्हता. नको म्हटलं तर शालू म्हणते, "घरातलं पुरुषमाणूस नको का?" दोघं झोपायला गेली.

मग आई हळूच म्हणाली, "आणि थोरलं कोण विचारलं तर?"

‘मी’ म्हणायला तोंड उघडलं आणि हिशेब लागला. वसंता शके १८४३ चा. कार्तिकातला. त्याची तारीख त्याच्या सर्व्हिस बुकात बिनचूक, त्याचा कान कोणी धरायला लावला नव्हता. मी चव्वेचाळीसची झाले तर थोरला तो. मी त्याची धाकटी बहीण. घर त्याच्या नावावर जाऊ नये म्हणून उद्या अकरा वाजता, त्याच्या देखत, मी त्याला दादा करणार. आणि तो सगळ्यांसमोर हसून म्हणणार, "अगं आई, मी कसला थोरला?"

एवढी मोठी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. गणित शिकवते मी.

आईला विचारलं, पेणचे लोक आले तेव्हा हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

म्हणाली, "तेव्हा त्याला चार दिवस मामाकडे पाठवला होता. उद्या कुठे पाठवशील?"