पूजेआधीची गोळी

॥ ॐ नमः शिवाय ॥

निलंगा,
६ ऑगस्ट २०२५

चि. रामलिंग यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे इकडे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे. आता सगळे म्हणजे मी एकटीच, तर मी खुशाल आहे. सोयाबीन गुडघ्याला लागलंय, अजून पिवळं पडलेलं नाही. तुझ्या मंजुषानं लावलेला कढीपत्ता पार छपराला टेकला, तिला सांग.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पोस्टमननं हातात दिलेला लिफाफा माणूस फोडल्याशिवाय ठेवत नाही, एवढा मला भरवसा आहे.

मंजुषा सांगत होती, तू चौदा किलो उतरलास. जुन्या विजारीत दोन्ही हात घालून दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवतोस म्हणे. चांगलं केलंस. आपल्या घरात पोट सुटणं म्हणजे बरकत समजतात, तिथं हे सोपं नव्हतं.

माझंही तेच चालू आहे. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी वजन उतरवा, असं डॉक्टरनं सांगितलं. शुगरची गोळी पहिल्यापासून आहेच. त्यांनी आहाराचा कागद दिला. मी म्हटलं, कागदात एक भाकरी आहे तर आपण अर्धीच खाऊ, लवकर निकाल लागेल. त्यात श्रावण. सोमवार धरला, रात्रीचं जेवण सोडलं. गोळी मात्र पुरी घेत राहिले, कारण गोळी चुकवायची नसते एवढं पक्कं डोक्यात होतं.

गेल्या आठवड्यात दुपारी कुलूप उघडत होते. किल्ली काही केल्या भोकात जाईना. अंगाला दरदरून घाम, पाठीवरचं लुगडं ओलं. तेवढ्यात शेजारची धुरपताबाई म्हणाली, "काय वो गुरम्माबाई, कुलूप बदललं का काय?" साधी चेष्टा. आणि मी तिला म्हणाले, तुझ्या नजरेनंच माझं घर बसलं. ज्या बाईनं तुझे दाजी गेले तेव्हा महिनाभर मला चुलीला हात लावू दिला नाही, तिला मी असं बोलले.

ती भांडली नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दंडाला धरून आत नेलं. तिचे मालक नरसिंगराव जुने शुगरवाले. त्यांनी यंत्रावर माझं बोट टोचलं. चोपन्न, शुगर पार उतरलेली. साखरेचं पाणी पाजलं, पाव तास बसवलं, परत बोट टोचलं, मग भाकरी-वरण खाऊ घातलं. डोकं ठिकाणावर आलं तशी मी रडायला लागले. ती म्हणाली, "तुम्ही न्हाई बोललात, तुमची शुगर बोलली. आमच्या घरात हे रोजचं हाय."

हे सगळं तुला का सांगतेय? तूही पहाटे उठल्या उठल्या पाण्याबरोबर शुगरची गोळी घेतोस. मग आंघोळ, मग लिंगपूजा. पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हे आपल्या अप्पांपासूनचं आहे आणि ते मोड असं मी म्हणत नाही. पण आधी तू पूजेवरून उठलास की दोन भाकरी खायचास. आता न्याहरीच सोडलीस. तू पथ्यावर आहेस हे गोळीला कोण सांगणार? ती तिचं काम करत राहते. आणि तसाच उपाशी तू तुझ्या सोमेशच्या लेकीला, ऋतुजाला, स्कूटरवर क्लासला सोडायला जातोस.

डॉक्टरकडं जा. वजन उतरलंय, जेवण तोडलंय, हे सांग. गोळी आपल्या मनानं बंद करू नकोस. आणि खिशात साखर ठेव. गोड म्हणून लाडू नको, तूप असतं, ते सावकाश लागू पडतं.

त्या दिवशी शुद्धीवर आल्यावर मला आणखी एक गोष्ट आठवली. ती आज लिहीत नाही.

मंजुषाला आशीर्वाद. ऋतुजाला पापा.

गुरम्मा


निलंगा,
१३ ऑगस्ट २०२५

चि. रामलिंग यास आशीर्वाद.

तुझं उत्तर मंजुषाच्या फोनवरून पोचलं. पत्र वाचून तू म्हणालास, "अक्का पुस्तकं वाचू वाचू आता डाक्टर झाली." हाव, वाचते. तुझे दाजी आडतीवरून पेपरची रद्दी आणायचे, तिच्यावर मी अक्षरं लावून शिकले, तूच ऱ्हस्व-दीर्घाला हसायचास. नरसिंगरावांकडं शुगरची पुस्तिका आहे, तीपण वाचली. त्यात लिहिलंय की असं वारंवार होत गेलं की अंगाला आधी सूचना मिळायची बंद होते. घाम नाही, थरथर नाही, एकदम अंधार. म्हणून हे दुसरं पत्र.

सोमवारचं मला कळलं. ऋतुजानं आजीला, मंजुषाला सांगितलं आणि तिनं मला. तिला रागावू नकोस. तू तिला शपथ घातली होतीस, आणि ती दोन दिवस गप्प राहिली, सतरा वर्षांच्या पोरीला ते लई झालं.

क्लासचं वळण मागं टाकून तू स्कूटर तशीच औशाच्या रस्त्याला लावलीस. ती पाठीवर थापा मारत होती, आजोबा, वळण गेलं, आजोबा. तू म्हणालास, गप बस, मला रस्ता माहीत हाय. पुढं ट्रक थांबलेला. तू ब्रेक लावलास तो तिच्या किंचाळीनं. मग पेट्रोलपंपावर तिनं तुला दप्तरातली बिस्किटं खाऊ घातली, आणि माणसात आल्यावर तू म्हणालास, ऊन लागलं. रामलिंग, त्या दिवशी लातूरला आभाळ होतं.

आता राहिलेली गोष्ट लिहिते.

तुझ्या दाजींच्या पहिल्या पुण्यतिथीची शिवगणाराधना आठव. मांडव भरलेला. स्वामींची पाद्यपूजा लांबली, त्यांचा प्रसाद झाल्याशिवाय कोणी जेवत नाही, दुपार कलली तरी सगळे उपाशी. तू माझा भाऊ, पुढं बसलेला. मी तुला तांब्या मागितला. तू उठलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "कशाची आराधना करायली? पिऊन मेलेल्या माणसाची?"

तू घामानं भिजला होतास. मला वाटलं, रागानं. तुला मंजुषानं आत नेऊन निजवलं, ताट दिलं, तू जेवलास आणि कोणाशी न बोलता निघून गेलास. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. मी समजत होते, तुला लाज वाटते. आता वाटतं, तुला ते नीट आठवतसुद्धा नसावं. लोक आपल्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात एवढंच कळत असेल, का ते कळत नसेल. त्या दिवशीही तू पहाटे गोळी घेतली असणार.

पण शब्द उपाशीपोटी तयार होत नाहीत. ते आधीच तुझ्या कानात पडलेले होते. ते औसा रस्त्यावर जमलेल्या लोकांचे होते.

तुझे शंकरप्पा दाजी त्या सकाळी सोयाबीनचा भाव बघायला मोटारसायकलवर लातूरला निघाले होते. नवीन नवीन शुगर निघालेली, गोळी सुरू झालेली. कोणीतरी सांगितलं, खाणं तोडा, शुगर पळून जाते. त्यांनी रात्रीचं तोडलं, सकाळचं तोडलं. तुझ्यासारखंच, पूजा करून उपाशी निघाले. फाट्यावरच्या चहावाल्यानं मला नंतर सांगितलं की त्यांच्या हातातला कप सांडला, आणि ते भलतंच काहीतरी बोलत होते, रस्ता विचारत होते. ज्या रस्त्यानं जन्म गेला तो रस्ता. पुढं मैलभरावर ते पडले. लोक जमले. पडलेला माणूस बडबडत होता, म्हणून लोक म्हणाले, पिलेला हाय, पडू द्या, उतरल्यावर उठेल. गळ्यातलं लिंग शर्टाच्या आत होतं, कोणाला दिसलं नाही. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस दारूडा म्हणून रस्त्याच्या कडेला पडून राहिला.

दवाखान्याच्या कागदावर कुठंही दारूचं नाव नाही. लोकांच्या तोंडाला कागद लागत नाही. शुगर उतरली होती याचाही माझ्याकडं पुरावा नाही. पण कुलपापुढं माझी किल्ली हातात नाचायला लागली तेव्हा मला तो कप दिसला.

एक माणूस या रस्त्यानं गेलाय. मी दुसरा जाऊ देणार नाही, आणि पोरीला तर नाहीच. सोमवारी पहिल्या गाडीनं येते. तोवर ऋतुजाला ऑटोनं पाठव. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर पूजेला डोळे मिटून बस, मी समोर बसून राहीन.

गुरम्मा


निलंगा,
२७ ऑगस्ट २०२५

चि. रामलिंग यास अक्काचे आशीर्वाद.

गाडी वेळेत पोचली. आज गणपती बसले, धुरपताबाईच्या घरचे मोदक आले. अर्धा खाल्ला, अर्धा मन मारून ठेवून दिला. जेवणात धरलाय, काळजी करू नकोस.

त्या सोमवारचं तुला तुटक तुटक आठवतं असं म्हणालास, म्हणून सगळं लिहून ठेवते. ज्याचं त्याला माहीत असावं.

मी आले तेव्हा तू पूजेला बसला होतास. श्रावण सोमवार, पूजा रोजच्यापेक्षा मोठी. मंजुषा म्हणाली, गोळी घेतली, मी न्हाई म्हणत होते. मी तुझ्यासमोर बसले. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातानं बेल वाहत होतास. तुला मी आलेली कळली, पण तू बघितलं नाहीस.

मग तू मंत्राची एकच ओळ म्हणायला लागलास. तीच, परत तीच. पुढची येईना. कपाळावरची विभूती घामानं ओघळली. आणि डावा हात थरथरायला लागला. लिंग तळहातावर हलत होतं, कडेला सरकत होतं. तुझे डोळे त्याच्यावर होते, आणि त्या डोळ्यांत जी भीती होती ती मी तुझ्या लहानपणीही कधी बघितली नव्हती. हात थांबवायला सांगत होतास, हात ऐकत नव्हता.

मी माझे दोन्ही हात तुझ्या हाताखाली धरले. मंजुषाला म्हणाले, साखर आण. ती जागची हलेना. म्हणाली, "अक्का, घरात साखर न्हाई. त्यांनीच टाकून द्यायला लावली. आणि शुगरवाल्या माणसाला साखर कशी द्यायची?" तिचा दोष नाही. आपण सगळे हेच शिकलोय. माझ्या पिशवीत पुडी होती, आता कायम असते. तिला काढायला लावली, पाण्यात कालवायला लावली.

वाटी तोंडाशी नेली तर तू दात आवळलेस. "पूजा व्हायची हाय." हे मात्र स्पष्ट बोललास. रस्ता विसरलास, ओळ विसरलास, हे विसरला नाहीस. अप्पा असते तर त्यांनी तुला शाबासकी दिली असती. मला तर तेव्हा तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

जबरदस्तीनं ओतता येत नाही, ठसका लागला तर श्वासात जातं. मंजुषा रडत होती. मला दाजी दिसत होते, रस्त्याच्या कडेला, आणि गोल करून उभे असलेले लोक. मग मला सुचलं. पुडीतली चिमूटभर साखर घेतली, लिंगासमोर धरली, आणि तुला म्हणाले, "रामलिंग, नैवेद्य झाला. आता प्रसाद घे."

तू तोंड उघडलंस.

पुढचं तुला आठवतं. लिंग मी हातानं घेतलं नाही, ते तुझ्याच हातात राहिलं. हात थांबल्यावर तूच ते वस्त्रात बांधून गळ्यात घातलंस आणि कितीतरी वेळ मुठीत धरून बसलास. मग मंजुषाला सांगितलंस, आमच्या दोघींकडं न बघता, की हे आधीही झालं होतं. आषाढात एकदा ते हातातून मांडीवर पडलं होतं, आणि तू कोणाला बोलला नव्हतास. पाप झालं म्हणून पथ्य आणखी कडक केलं होतंस. अरे बाबा. अंग साखर मागत होतं आणि तू प्रायश्चित्त देत होतास.

नंतर आपण गेलो त्या डॉक्टरांचं मला आवडलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, कपडे नव्या मापाचे शिवून घेतले, मग गोळी जुन्या मापाची कशी चालेल? गोळी कमी झाली, पूजेनंतर जेवणाबरोबर घ्यायची ठरली, आहार घाईचा नको, वेळेवर हवा. तू मान डोलावत होतास. मान डोलावणं वेगळं. मंजुषाला मी बजावून आलेय, ताट समोर आल्याशिवाय गोळीची डबी हाती द्यायची नाही. यंत्रही घेतलंय, ते कपाटात ठेवू नका. आणि स्कूटर महिनाभर ऋतुजाच्या बापानंच चालवायची, हे कबूल केलंयस.

आता स्टँडवरचं.

निलंग्याची गाडी फलाटाला लागत होती, कंडक्टर ओरडत होता, आणि तू माझी पिशवी हातात धरून म्हणालास, "अक्का, दाजी पिलेले नव्हते."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं, कारण तिथं रडले असते तर पिशवी, गाडी, जागा सगळंच राहिलं असतं. खिडकीतून तू बराच वेळ उभा दिसत होतास. विजार खरंच ढगळ झालीय तुला.

रामलिंग, ते शब्द मला पुरले असं मी लिहिलं तर खोटं होईल. तू जे बोललास ते भरल्या मांडवात, स्वामींसमोर. हे बोललास फलाटावर, गाडीच्या आवाजात, मला एकटीला. मला माहीत होतंच ते. ज्यांना माहीत नाही ते मांडवात बसले होते. त्यांची पोरं अजून तुझ्या दाजींचं नाव निघालं की एकमेकांकडं बघतात.

यंदाही कार्तिकात आराधना आहे. तेच लोक येतील. तुला बोलावणं पाठवायची गरज नाही, पण पाठवते. पुढं बस, तुझी जागा तीच आहे. आणि तेवढं एक वाक्य तिथं बोल. मोठ्यानं नको. हात न थरथरता बोललास म्हणजे झालं.

स्वामींना मी विचारून ठेवलंय, त्यांच्या प्रसादाआधी आजारी माणसानं खाल्लं तर चालेल का. ते म्हणाले, चालेल काय, खायलाच पाहिजे.

तेव्हा उपाशी येऊ नकोस, रामलिंग. खाऊन ये.

तुझी वाट बघणारी,
शंकरप्पांची गुरम्मा, तुझी अक्का