कापडी डोंगा परत मिळणेबाबत (नावाबद्दल नव्हे)

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी साहेब,
संयुक्त तलाव व नागरी सुविधा कार्यालय,
मोहटोली, जिल्हा भंडारा.

अर्जदार : यादोराव फागोजी निनावे, धंदा विणकाम, राहणार कोष्टीपुरा, मोहटोली.

विषय : आपल्या आवारात पडून असलेला कापडी डोंगा परत मिळणेबाबत, व तोपर्यंत त्यास तेल लावू देणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या तलाव शाखेने माझ्या पत्नीस दिलेली जप्तीची पावती.
२) माझा मागील अर्ज (चुकीचा).
३) त्यावर आपल्या शिधापत्रिका शाखेने केलेली कार्यवाही (तत्पर).
४) कार्यालयाच्या फलकावरील बेवारस वस्तूंची यादी.

महोदय,

मागील अर्जात शब्दाची चूक झाल्याने हा दुसरा अर्ज करावा लागत आहे. या वेळी तो मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर चांगले नाही, पण शब्द मला माहीत असलेले आहेत.

१. मी हातमागावर विणणारा माणूस आहे. घरात एक माग आहे. त्यावर मी विणत असे व माझी पत्नी कुंताबाई चरख्यावर आडव्या सुताच्या कांड्या भरत असे. माझी पाठ धरली की ती मागावर बसे आणि कांड्या मी भरत असे. आम्हास मूलबाळ नाही, म्हणून या अर्जावर दुसऱ्या कोणाची सही नाही.

२. पत्नीचे माहेर तलावाच्या पल्याड, खैरटोलीला. आमच्या दारातून तिच्या आईच्या चुलीचा धूर दिसतो. पाणी ओलांडले की पोचले. रस्त्याने जायचे तर सिहोऱ्यावरून वळसा, दोन गाड्या, आणि परतीची गाडी बहुधा गेलेली. तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांचे लाकडी डोंगे आहेत. ते जड असतात, त्यांच्या कामात असतात, आणि दर खेपेला कोणाला तरी 'भाऊ, मले पल्याड सोडून दे नं' म्हणावे लागते. पत्नीस तसे म्हणायला आवडत नसे. धूर पाहत बसायलाही आवडत नसे.

३. एके दिवशी सुताला लावायच्या खळीच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तिच्या हातून धोटा पडला. (धोटा म्हणजे मागावर आडवे सूत घेऊन इकडून तिकडे पळणारे लाकूड, दोन्ही टोकांना निमुळते. साहेबांनी पाहिले नसल्यास दाखवण्यास आणतो.) तो बुडाला नाही, उलटलाही नाही. खळीवर डुलत राहिला. ती पाहत बसली ती खळ गार होईपर्यंत. मग म्हणाली, 'पाहा जी, हा माहा डोंगा.' डोंग्याचा नकाशा एवढाच आहे, तो कोणत्याही पुस्तकातला नाही. तिने कोळशाने भिंतीवर रेघ काढली, ती अजून आहे. नकाशाची प्रत मागितल्यास भिंत आणता येणार नाही, पाहणीस यावे.

बांबूच्या कमच्या भिजवून, विस्तवावर शेकून मी वाकवल्या. सांधे सुताच्या दोरीने बांधले, खिळा एकही नाही. वरचे कापड तिने स्वतः विणले, जाड दोसुती, घट्ट ठोकलेली. मागाचा पन्हा पुरेना म्हणून दोन पट्टे विणून पोटावर जोडले. राळ घालून उकळलेले जवसाचे तेल त्यास पाजले, सावलीत वाळवले, पुन्हा पाजले. तयार डोंगा ती एकटी डोक्यावर घेऊन तलावाची पार, म्हणजे बांध, चढत असे.

४. पहिल्या दिवशी पारीवर बरीच माणसे जमली. 'लेकरू नाही न पाळणा कायले?' असे एक बाई बोलल्या. आमचे शेजारी टेकचंद म्हणाले, 'वहिनी, कापडात बसून जाऊन राहिल्या, संग साबण घेतला का?' त्यावर तिने उत्तर दिले की, 'कापडानं माणसाची आब्रू राहते भाऊजी, मंग मी कायले बुडन?' ती बुडाली नाही. हे मुद्दाम नमूद करतो, कारण जप्तीच्या पंचनाम्यात 'बुडण्याजोगी वस्तू' असा शेरा आहे. वल्हे दोन पात्यांचे होते. एकदा इकडे, एकदा तिकडे, मागावर हात चालतो तशी ती जात असे आणि पाणी तिच्यामागे मिटत असे. परतताना डोंग्यात आईने दिलेले काहीबाही असे. शिंगाडे, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा, एकदा जिवंत कोंबडी. कोंबडी वाटेत शांत बसली होती.

५. गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तात आपल्या पथकाने तलावावरील विनापरवाना साधने उचलली. डोंगा पळसाखाली पालथा होता, तो ट्रॅक्टरवर चढवला. पावती पत्नीच्या नावे दिली व 'विसर्जन झालं का घेऊन जा बाई' असे तोंडी सांगितले. विसर्जन झाले. तेव्हाचे साहेब बदलून गेले. कापडाच्या डोंग्यास परवाना कोणत्या नमुन्यात द्यावा, हे नंतरच्या साहेबांना सांगता आले नाही. यात त्यांचा दोष नाही, असा डोंगा पूर्वी नव्हता.

तेल मिळाले नाही तर हे कापड तडकते. म्हणून पत्नी बाटली घेऊन आपल्या आवारात येत असे. आपल्या एका कर्मचाऱ्याने 'लवकर आटपा बाई, साहेब जेवून राहिले' असे म्हणून तिला फाटकातून आत घेतले होते. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही.

६. कार्तिकात पत्नी वारली. पाण्याने नाही. सकाळी कांड्या भरायला बसली आणि भिंतीला टेकली. मी मागावर होतो. मागाचा आवाज मोठा असतो, चरखा थांबल्याचे मला उशिरा कळले. डोंग्याच्या कापडानंतर तिने मागावर दुसरे काही विणलेले नाही. त्यामुळे ते तिचे शेवटचे कापड ठरते.

७. तिचे दिवस झाल्यावर मी अर्ज लिहवून घेण्यास सेवा केंद्रात गेलो. तेथे शुभांगी नावाची मुलगी बसते. मुलगी चांगली आहे. मी म्हटले, डोंगा परत पाहिजे. ती म्हणाली, 'काका, डोंगा नका लिहू, ते आपल्या बोलीतलं आहे, साहेब हासन. शुद्ध शब्द नाव.' अर्ज शुद्ध असावा असे मलाही वाटले. तिने कागदावर लिहिले : 'माझी पत्नी हयात नाही. तिची नाव आपल्या कार्यालयात पडून आहे. त्याबाबत योग्य निर्णय व्हावा.' टाईप करायला कागद तिने शेजारच्या मंगेशकडे दिला. आमचे बोलणे त्याने ऐकले नव्हते. त्याने 'तिची नाव' कापून 'तिचे नाव' केले आणि म्हणाला, 'शुभांगी, तुले साधं नाव लिहिता येत नाही का वं?' मग मला मोठ्याने वाचून दाखवले. मला बरोबर वाटले. त्या दिवसांत मला सगळेच बरोबर वाटत होते.

८. त्या अर्जावर आपल्या कार्यालयाने जी तत्परता दाखवली तिची नोंद घेणे भाग आहे. डोंग्यासाठी पत्नी स्वतः खेटे घालत होती तेव्हा कागद हलला नाही. या अर्जावर मात्र आठवड्याच्या आत कार्यवाही होऊन राशन कार्डावरून तिचे नाव कमी झाले. नवे कार्ड घरपोच आले. त्यावर एक नाव आहे, माझे. तिचे नाव कमी करा असे मी म्हटले नव्हते. कधीतरी म्हणावे लागले असते. अजून म्हटले नव्हते, एवढेच. आणणाऱ्यास मी पाणी दिले व पोच दिली.

९. ते कार्ड घेऊन मी तलाव शाखेत आलो आणि नाव म्हणजे नाव नव्हे, नाव, असे समजावू लागलो. कोणाला कळले नाही. थोड्या वेळाने मलाही कळेना. लिपिक चंद्रकुमार म्हणाले, 'आडनावच निनावे, मंग नाव कायचं मागून राहिले काका?' सगळे हसले. मीही हसलो असेन. त्यांच्या मनात वाईट नव्हते. त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि पावती संगणकात शोधली. तेव्हा असे निघाले की, पावतीवरील नावाची व्यक्ती आता या कार्यालयाच्या अभिलेखात नाही, आणि ज्या वस्तूचा मालक अभिलेखात नाही ती बेवारस धरावी लागते. मी म्हटले, मी तिचा नवरा. ते म्हणाले, वारस दाखला आणा. वारस दाखल्यास राशन कार्ड लागते. त्या कार्डावर पत्नीचे नाव लागते. कार्ड माझ्या हातातच होते. आम्ही दोघांनीही ते पाहिले.

१०. दुसरा मार्ग त्यांनी असा सांगितला की, मालकाने समक्ष हजर राहून, डोंगा पाण्यात वल्हवून दाखवावा व सुरक्षित असल्याचे सिद्ध करावे. मालक हजर राहू शकत नाही. माझ्याबद्दल म्हणाल तर मला वल्हवता येत नाही व मी त्यात कधी बसलेलो नाही. त्यात एकाच माणसाची जागा आहे. नकाशाच तसा आहे.

११. आता फलकावर बेवारस वस्तूंची यादी लागली आहे. मोडक्या खुर्च्या, एक जाळे, लोखंडी पिंप, आणि त्याखाली 'कापडी पाळणा, एक'. पुढील महिन्यात विक्री करणार, न विकल्यास नष्ट करणार, असे लिहिले आहे. कापड मजबूत आहे, फाडून धानाच्या ढिगावर झाकायला बरे पडेल, असे यादी वाचणारे लोक आपसात बोलत होते. त्यांचे म्हणणे खरे आहे, पडेल. मी कुंपणाच्या जाळीतून पाहिले. डोंगा उताणा ठेवला आहे आणि त्यात एक कुत्रे झोपते. कुत्र्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु उन्हाकडच्या बाजूचे कापड पांढरे पडत चालले आहे आणि पोटावरचा जोड उकलू लागला आहे.

१२. तरी साहेबांना विनंती की,

(अ) डोंगा मला द्यावा. मी तो पाण्यात घालणार नाही, असे हमीपत्र देतो. घरात मागाशेजारी टांगून ठेवीन.

(आ) तिचे नाव पुन्हा कार्डावर चढवावे अशी माझी मागणी नाही. वारलेल्या माणसाचे नाव कमी होते, हे बरोबर आहे. परंतु नाव गेले म्हणून डोंगाही गेला, असे धरू नये. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या बोलीत त्यांना शब्दही वेगळे आहेत.

(इ) निर्णयास वेळ लागणार असल्यास तोवर मला तेल लावण्यापुरते आवारात येऊ द्यावे. मी कोणाशी बोलणार नाही.

(ई) बाहेरच्या माणसास आत घेणे नियमात बसत नसेल, तर आपल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणीही तेल लावावे. तेल व फडका अर्जासोबत देत आहे. पद्धत खाली लिहितो.

१३. डोंगा आधी पालथा घालावा. उचलायला एक माणूस पुरतो. कुत्र्यास मारू नये, हात लावला की ते आपणहून उठते. तेल कोमट करावे, उकळू नये. फडका जुन्या लुगड्याचा, मऊ आहे, तोच वापरावा. पोटावरच्या जोडापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे. लहान लेकराच्या पाठीला लावतात तेवढाच हात ठेवावा, घासू नये. कापड तेल पिते तेव्हा त्याचा रंग गडद होतो. जिथे होत नाही तिथे ते तहानलेले आहे असे समजून पुन्हा लावावे. नंतर सावलीत राहू द्यावे. पत्नी तेल लावता लावता ओवी म्हणत असे. ती तिने स्वतः जोडलेली होती व मला पुरती येत नाही, त्यामुळे येथे लिहिलेली नाही. ओवी नसली तरी तेल मुरण्यास हरकत नसावी.

आपला आज्ञेत राहणारा,

(सही)
यादोराव फागोजी निनावे
कोष्टीपुरा, मोहटोली
दिनांक : २१ फेब्रुवारी २०२५

सोबत : १) जप्तीच्या पावतीची छायाप्रत. २) नव्या राशन कार्डाची छायाप्रत. ३) जवसाचे तेल, बाटली एक. ४) फडका, एक.