गेला, उघड डोळे

१२ जून, दुपार

ताई,

‘साष्टांग नमस्कार’ लिहिलं आणि खोडलं. तू म्हणशील, आता कुठे नमस्कार सुचला या शेपटीला. बरी आहेस ना? माझं चाललंय. शाळांचे गणवेश शिवायचा हंगाम, मशीनवरून मान वर करायला सवड नाही. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास. आपलं काय बिनसलं ते मला आता आठवत नाही. म्हणजे आठवतं, पण लिहिण्याजोगं नाही.

परवा कापड बेतताना आपला तो टीव्ही आठवला, शटरवाला. बाबा किल्ली खिशात घालून कामावर जायचे आणि तू केसातल्या पिनेनं कुलूप काढायचीस. भुताचा सिनेमा लागला की मला मांडीत घेऊन माझे डोळे झाकायचीस आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगत राहायचीस. आता तो जिन्यात आलाय. आता दार लोटतोय. गेला, उघड डोळे. तुझ्या हाताला कांद्याचा वास यायचा. इतक्या सुखानं मी पुन्हा कधी घाबरले नाही.

बरं, आता रागावू नकोस. तो नवा कायदा आलाय ना, सोळाच्या आतल्या मुलांची इंटरनेटवरची खाती बंद करायचा? त्यात तुझ्या लेकीचंही गेलं. बायका वय चोरतात, या बयेनं वाढवलं होतं. माझी जन्मतारीख टाकून चाळिशीची झाली होती! चेहरा तपासला तेव्हा पितळ उघडं पडलं. मला कसं ठाऊक म्हणशील, तर वर्षभर आम्ही दोघी तिथेच बोलत होतो. तिनंच मला शोधून काढलं. गावभरच्या पोरांची मापं घेते मी, भाचीचं माप मला माहीत नाही.

कायदा हवाच होता. खातं बंद झालं त्या दिवशी मी रडले, तरी सांगते, हवाच होता. पण तेवढ्यानं भागत नाही, ताई. एक माणूस तिला घाणेरडे फोटो पाठवतोय. तिचेही मागतोय, नाही दिलेस तर शाळेत तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही म्हणतो. खातं गेलं, पण तिचा फोन नंबर त्याच्याकडे आहे. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं मला. ती मी आज मोडतेय. ती माझं तोंड पाहणार नाही. चालेल. नाही चालणार, पण चालवून घेईन.

तू आजच तिला जवळ घे. ओरडू नकोस, फोन हिसकावू नकोस. त्याचं आलेलं काही पुसून टाकायचंही नाही, पोलिसांना दाखवावं लागेल. तिची काही चूक नाही, हे आधी सांग, बाकीचं मग.

माझी जन्मतारीख तुला कोणी सांगितली, असं मी तिला विचारलं होतं. म्हणाली, “कोणी नाही. आई कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करते आणि दिवसभर गप्प असते.”

माझ्याशी नाही बोललीस तरी राहू दे. पण तो गेला की एकदा मलाही सांग. मी डोळे मिटूनच बसलेय.

तुझ्या मागेमागेच असलेली,
शेपूट